हत्तींची रापण

अंधेरी, मुंबई
३ जुलै २००६

सौ. सुगंधास,

नवऱ्यानं बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचे असतात, पण तुला आशीर्वाद देण्याची माझी हिंमत नाही, म्हणून नमस्कारच घे. शेवंतीच्या दुकानातल्या फोनवर बोललो असतो, पण तो फोन वाजला की अर्धी तारकर्ली पानाची चंची घेऊन ऐकायला बसते. म्हणून पत्र.

आम्ही चौघे सुखरूप पोचलो. टीव्हीवाल्यांनी हॉटेल चांगलं दिलंय. आंघोळीचं गरम पाणी वरून पडतं आणि थंड पाणी अजिबात पडत नाही. कार्यक्रमाचं नाव तुला ठाऊकच आहे, ‘उचला तलवार’. पण तलवार कोणीच उचलत नाही गो! जुन्या काळची एखादी लढाई कॉम्प्युटरात घातलेली असते. आपल्यासारख्या चार माणसांना एका बाजूचे सेनापती करतात. भिंतीएवढ्या पडद्यावर सैन्य उभं. आपण हुकूम सोडायचा, कॉम्प्युटरवाला बटणं दाबतो आणि हजारो माणसं धावत सुटतात. आमच्याकडे पोरस राजाची फौज आहे, हत्तींसकट. समोर सिकंदर. ज्या सहदेव मास्तरांनी कट्टा गावच्या शाळेत मला दोनदा इतिहासात नापास केलं, त्यांनीच अर्ज भरून मला सेनापती केलं. देवाघरी न्याय आहे.

आमच्यातली एकुलती पोर उर्वशी कॉलेजात पहिली आल्याच्या थाटात वावरते. आणि शिवा माझ्याच खोलीत आहे. सख्खे भाऊ, दोन खाटा, एक पंखा, आणि बोलणं मास्तरांमार्फत. काल मला ऐकू येईल असं म्हणाला, “मास्तर, तेका सांगा, पंखो जरा कमी कर.” मास्तर शेजारच्या खोलीत झोपले होते.

तुला खरं सांगतो, मला सिकंदराशी काही देणंघेणं नाही. बाबांनी किनाऱ्यावरची माडांची जागा आम्हां दोघांच्या नावावर ठेवली आणि आता शिवाला आपला अर्धा भाग विकीशेटच्या रिसॉर्टला द्यायचाय. अर्ध्यात कुंपण पडलं की रापणीची होडी कुठे ठेवायची, जाळं कुठे पसरायचं, आणि वाडीनं दोर ओढत मागे सरायचं ते कुठे? त्याच्या खुर्च्यांवर? लढाई होईपर्यंत सही करणार नाही, असं त्यानं देवळात कबूल केलंय. तेवढ्या दिवसांत मला माझा भाऊ परत मिळवायचा आहे. म्हणून त्याला सोबत आणला. विकीशेटला यातलं काही बोलू नकोस.

तुझा,
बाबली


तारकर्ली
९ जुलै २००६

तुम्हांस सुगंधाचा नमस्कार.

मला नमस्कार केलात हे बरं केलंत. वयानं नसलं तरी अकलेनं मी मोठीच आहे.

उर्वशीच्या थाटाचं मला सांगू नका. मालवणच्या चाचणीत टीव्हीच्या त्या बाईनं माझ्यापुढे माईक धरला, मी नाव सांगितलं आणि तिनं कानातलं यंत्र काढून टाकलं. म्हणाली, “ताई, जरा हळू.” मासळी बाजारात हळू बोलून कोणी कधी सरंगा विकलाय? सेनापती हळू बोलतो का? पण नाही, त्यांना गोड आवाजाची पोर हवी होती. आता त्या हत्तींना ती गोड आवाजात काय सांगते ते बघूया.

इकडे तुमच्या नावानं नुसता धुमाकूळ चाललाय. विकीशेटनं नाक्यावर बॅनर लावलाय: ‘मालवणचा सिकंदर बाबली याला हार्दिक शुभेच्छा’. खाली तुमचा फोटो लहान आणि रिसॉर्टचा मोठा. मी म्हटलं, “अरे, ते सिकंदराशी लढायला गेलेत ना?” तर म्हणतो, “वयनी, पोरस म्हटल्यार कोणाक कळणा नाय.” गोव्याहून इन्सुलीचा नाका ओलांडून आला तेव्हा या माणसाकडे एक काळा चष्मा होता, बाकी काही नव्हतं. आता किनाऱ्यावर उभा राहून समुद्राकडे असा बघतो, जणू तोही विकतच घेणार आहे.

परवा आपल्या माडांखाली दोन माणसं फीत घेऊन आली होती. गोदूआत्या कोयता घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, नारळ सोलायला आलेय. त्यांनी फीत गुंडाळली. पण आत्या किती दिवस नारळ सोलणार? ती जागा गेली तर माझी टोपली गेली, आणि माझ्यासारख्या वाडीतल्या सगळ्या बायकांची गेली, हे लक्षात ठेवा.

भावाशी बोला. मास्तरांना मध्ये घालू नका, सरळ तोंडानं बोला. हत्तींचं मागाहून बघता येईल.

सुगंधा


अंधेरी
१४ जुलै २००६

सौ. सुगंधास,

उद्या लढाई! तुझं पत्र मिळालं. बोललो शिवाशी, म्हणजे सुरुवात केली. मी म्हटलं, “शिवा, च्या घेतलंस?” तो म्हणाला, “हां.” महिन्यात पहिल्यांदा मास्तरांशिवाय बोलणं झालं. मला इतका आनंद झाला की मी माझाही चहा त्याला दिला.

आज तालीम झाली. आम्हाला लोखंडी दिसणारे थर्माकोलचे टोप दिले. मास्तरांचा टोप सारखा नाकावर येतो, त्यामुळे अर्धी लढाई त्यांना दिसतच नाही. सूत्रसंचालक चिलखत घालतो आणि वर काळा चष्मा लावतो. एक युद्धतज्ज्ञही बसवलाय. आम्ही काही केलं की तो हनुवटीला हात लावून म्हणतो, “हं, मनोरंजक.” या माणसानं जन्मात कोंबडीसुद्धा कापली नसेल, पण रोमची फौज कुठे चुकली ते त्याला तोंडपाठ.

त्यानं विचारलं, तुमचा बेत काय? मास्तर वहीतून चक्रव्यूह काढायला लागले. मी म्हटलं, मास्तर, राहू दे, आपण रापण घालू. तज्ज्ञ विचारतो, रापण म्हणजे काय? मग मी त्याला समजावलं. होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. अर्धी वाडी या दोरावर, अर्धी त्या दोरावर. दोन्हीकडून सारखं ओढत आणायचं, मासळी आपोआप मध्ये. मी मधोमध उभा राहून ओरडतो, ‘दोर जुळवा!’ कारण एक दोर पुढे आणि एक मागे झाला की जाळं तिरकं होतं आणि सगळी मासळी निसटते. तसंच सिकंदराला घ्यायचं. डावा दोर मी, उजवा दोर शिवा. तज्ज्ञ म्हणाला, “हं, मनोरंजक.” पण या वेळी त्यानं लिहूनही घेतलं!

आणि सुगंधा, शिवाच्या तोंडावर हसू आलं गो. खूप दिवसांनी. म्हणाला, “हत्तींची रापण! बाबांनी बघूक होयी होती.” त्यानं हे मास्तरांना सांगितलं नाही, मला सांगितलं.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. मी आणि मास्तर एका काचेच्या खोलीत, शिवा दुसरीत. एकमेकांना ऐकू जायचं नाही, जुन्या काळासारखं. निरोप न्यायचा तर उर्वशीनं पडद्यावरचा घोडेस्वार पाठवायचा. आमच्याकडून कागदावर सह्याही घेतल्यात. कार्यक्रम टीव्हीवर दिसेपर्यंत निकाल कोणालाही सांगायचा नाही, बायकोलासुद्धा नाही. हा कागद मोडला तर दंड, जो भरायला आपली होडी पुरणार नाही.

देवाला नारळ ठेव.

बाबली


तारकर्ली
२२ जुलै २००६

तुम्हांस नमस्कार.

तिघं आली, तुम्ही कुठे आहात?

मी कुडाळ स्टेशनवर जेवणाचा डबा घेऊन उभी होते. विकीशेट ढोल घेऊन उभा होता. मास्तर उतरले, उर्वशी उतरली, शिवा उतरला. ढोलवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि शिवानं त्यांच्याकडे असं पाहिलं की ढोल थांबला. मी विचारलं, भावोजी, हे कुठायत? म्हणाला, “वयनी, तुझ्या घोवाक विचार.” घरी येऊन दार लावून घेतलं. तुमच्यासाठी केलेला डबा मी ढोलवाल्यांना दिला.

मास्तरांना विचारलं तर ते म्हणतात, “इतिहास काळच ठरवतो.” उर्वशीला विचारलं तर तोंडावर रुमाल धरून पळते. ती हसते की रडते ते मला अजून कळलेलं नाही. तोंडं तिघांनीही शिवून घेतलीत. त्यावरून वाडीनं ठरवलं की तुम्ही जिंकलात. शेवंती म्हणते, “हरले आसते तर मास्तर गप बसले नसते, कोणाची चूक ती नावानिशी सांगितली आसती.” सगळ्यांना पटलं. विकीशेटनं बॅनरवर ‘विजयी’ असं वर चिकटवलंय.

पण मला शिवाचं काही बरं दिसत नाही. तो जिंकून आलेला माणूस नव्हे आणि नुसता हरून आलेलाही नव्हे. काल मुद्दाम बांगड्याचं तिखलं घेऊन गेले. जेवला, आणि ताटावरून उठता उठता म्हणाला, “वयनी, शेट म्हणता तसा कार्यक्रम दाखवलो की दुसऱ्या दिसाक मी सही करतलंय. मगे माका कोण कायएक सांगूचा नाय.” मी म्हटलं, देवळात कबूल केलंस ते? म्हणाला, “लढाई होयसर म्हणान कबूल केललंय. झाली लढाई.”

काय झालं तिथे? मला दंडाची भीती घालू नका. मला सांगा.

सुगंधा


भाऊचा धक्का, मुंबई
३० जुलै २००६

सौ. सुगंधास,

माझी काळजी करू नकोस. तब्येत उत्तम. धक्क्यावर आपल्या वाडीतल्या बाबूकडे उतरलोय. त्याच्या शेटची जाळी फाटलीत, ती शिवायला माणूस हवा होता. म्हटलं, एवीतेवी मुंबईत आहेच, तर करू थोडे दिवस काम.

लढाई चांगली झाली. सगळ्यांनी आपापलं काम केलं. हत्ती फार मोठे होते. चहा वेळेवर मिळत होता. यापेक्षा जास्त लिहिलं तर कागद मोडतो.

शिवाला म्हणावं, घाई करू नकोस. नाही तर काही म्हणू नकोस. माझं नाव काढलंस तर तो आणखी चिडेल.

एक काम कर. कार्यक्रम रविवारी ३ सप्टेंबरला रात्री आठला आहे. त्या वेळी वाडीत वीज नसली तर बरं. एरवी रोज जाते, त्या दिवशीही जाईलच म्हणा. पण तुझा वायरमनशी घरोबा आहे, त्याला दोन सुरमया दे.

बाबली


तारकर्ली
१२ ऑगस्ट २००६

तुमका,

आता शाळेतली मराठी पुरे झाली. तुमका काय वाटता, बायलेक कायच कळणा नाय? ‘हत्ती फार मोठे होते!’ हत्ती मोठेच आसतत, ता सांगूक मुंबयसून पत्र कित्याक होया? तुमी हरलात. ह्या माका स्टेशनारच कळला होता. हरलात तर हरलात! आवशीक खाव त्या सिकंदराक, तो काय आमच्या गणपतीच्या डोक्यार माटवी बांधूक येतलो? नारळी पुनव झाली, समुद्राक नारळ तुमच्याशिवाय दिलो. आता चवथ इली. दुनियेचे चाकरमानी सुट्टी गावणा नाय म्हणान रडतत, आणि तुमी थय धक्क्यार बसान दुसऱ्याची जाळी शिवतास?

पाणी प्यायले. आता नीट लिहिते.

विजेचं जमणार नाही. विकीशेट त्या रात्री किनाऱ्यावर मोठा पडदा लावणार आहे, स्वतःच्या जनरेटरवर. तारकर्लीसकट आजूबाजूच्या वाड्यांना आमंत्रण आहे. आधी ‘सिकंदराचा’ विजय दाखवणार, मग पडद्यावर रिसॉर्टचं चित्र दाखवणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मालवणात शिवाची सही. जागेच्या चित्रात आपल्या माडांना झोपाळे टांगलेत. रापणीची होडी पण आहे, तिच्यात माती भरून फुलझाडं लावलीत.

हरल्याचं मला काडीचंही वाटत नाही. मला एवढंच सांगा, तुम्ही भावाला काय केलंत? तो तुमच्या फोटोकडे बघतसुद्धा नाही. बॅनरखालून जाताना मान खाली घालून जातो.

सुगंधा


भाऊचा धक्का
१८ ऑगस्ट २००६

सुगंधा,

हरलो. तुला कळलंच आहे, तर दंड तुझ्या अकलेला लावू देत.

माझ्या एका हुकुमानं हरलो. जिंकलेली लढाई होती गो. मी एक शब्द बोललो आणि सगळं गेलं. काय शब्द तो मी लिहिणार नाही, मला लाज वाटते. तिथले सगळे हसले. कॅमेरावाला हसला, चहावाला हसला, तो तज्ज्ञ खुर्चीतून पडायचा राहिला. मास्तरांनी टोप काढून फेकला. आता तेच सगळ्या महाराष्ट्राला दाखवणार आणि आपल्या वाडीला मोठ्या पडद्यावर दाखवणार.

ते हसणं मी सोसलं असतं. पण काचेच्या खोलीतून शिवा बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, “शिवा, ऐक.” त्यानं ऐकलं नाही. म्हणाला, “बघत उभो रवलंस.” त्याची अख्खी फौज मेली आणि माझी उभी होती, एवढंच त्यानं पाहिलं. मी काय सांगू त्याला? माझ्यामुळेच मेली, हे खरंच आहे. हॉटेलात तो दुसऱ्या खोलीत गेला. त्याच्या गाडीत बसण्याचं माझं धाडस झालं नाही.

मी भाऊ मिळवायला आलो होतो आणि जागाही घालवून बसलो. चवथीला येत नाही. गणपतीला माझा नमस्कार सांग. या वर्षी त्याच्या तोंडाकडे बघवणार नाही, त्याचंही तोंड हत्तीचंच.

बाबली


तारकर्ली
४ सप्टेंबर २००६

तुम्हांस सुगंधाचा साष्टांग नमस्कार. का, ते पुढे वाचा.

काल सगळी वाडी किनाऱ्यावर जमली. घरात गणपती, म्हणून घरटी एक म्हातारं माणूस मागे ठेवलं, बाकी सगळी इथे. विकीशेट पांढरी पँट घालून पहिल्या रांगेत. शिवा यायला तयार नव्हता. गोदूआत्या त्याच्या दारात जाऊन बसली, म्हणाली, “माका काळोखात दिसणा नाय, हात धर.” तिला काळोखात मांजरासारखं दिसतं. पण आला बिचारा.

कार्यक्रम सुरू झाला. तुमचा टोप बरा दिसत होता. तुमचे हत्ती निघाले, शिवाचे हत्ती निघाले, दोन्हीकडून अर्धगोल. आमच्या बायका तर दोर धरल्यासारख्या बसल्या जागी मागे सरायला लागल्या! डावीकडे तुम्ही त्या घोडेस्वारांना झोडपून काढलंत. तो चष्मेवाला सूत्रसंचालक ओरडला, “विजय दोन पावलांवर!” विकीशेटनं फटाक्याची माळ हातात घेतली.

आणि तुम्ही म्हणालात, “थांब!”

कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं, “सर, थांबू? खरंच?”

“थांब म्हणतंय मां! शिवाचो दोर मागे रवलो. मी फुडे गेलंय तर जाळा तिरक्या होतला, तो एकटो पडतलो. येवंदे तेका.”

मास्तर टोप सावरत बोंबलले, “अरे बाबल्या, ही लढाई आसा, रापण न्हय!”

आणि तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल, तरी लिहिते, कारण काल रात्रीपासून वाडीत तेच चाललंय: “मास्तर, भावाक मागे टाकून म्हावरा कोण वडता?”

मग पडद्याचे दोन भाग केले. एका बाजूला तुम्ही, हत्ती उभे करून उजवीकडच्या धुळीत बघताय, बघताय, आणि तोंडानं आपलं “ये रे शिवा, ये” चाललंय. दुसऱ्या बाजूला शिवा. त्याचे हत्ती बाण लागून उलटे फिरले आणि आपल्याच माणसांना तुडवायला लागले. तो काचेवर हात मारून ओरडतोय, “दादा खंय आसा? दादाक सांगा!” उर्वशीनं घोडेस्वार पाठवला, तो आपल्याच हत्तीखाली गेला. तिनं दुसरा पाठवला, तो सिकंदराकडे गेला. तुम्ही उभेच. मग सिकंदर सावकाश वळला आणि तुमच्याकडे आला.

तज्ज्ञ म्हणाला, लष्करी इतिहासात इतकी हास्यास्पद आज्ञा झाली नसेल. किनारा आधी हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग गोदूआत्या उभी राहिली आणि म्हणाली, “हसतास कित्याक? दोर मागे होतो मां?” मग एक जण म्हणाला, होतो खरा. दुसरा म्हणाला, मग थांबायलाच हवं. बघता बघता अख्ख्या वाडीनं ठरवलं की बाबलीचं बरोबर आणि तज्ज्ञाला काही कळत नाही. मी तुम्हाला खरं सांगते, लढाईत ती चूकच होती. हत्तीला दोर नसतो, आणि सिकंदर म्हणजे बांगडा नव्हे. पण मी तिथे बोलले नाही. एकदा हळू बोलले नाही म्हणून नापास झालेय, एकदा गप्प बसून पाहिलं.

शिवा कुठे दिसेना. आपल्या माडाखाली सापडला, होडीला टेकून बसलेला. ढसाढसा रडत होता हो. म्हणाला, “वयनी, माका वाटला दादान मुद्दाम माका मरूक सोडल्यान. त्या खोलयेत कायच ऐकाक येय नाय होता. नुसते दादाचे हत्ती उभे दिसत. तो माझ्यासाठी थांबललो गो!” मी म्हटलं, हो, आणि थांबला म्हणूनच तू मेलास. तेव्हा रडता रडता हसला. म्हणाला, “तेका पयल्यापासून लढाई कळणा नाय. पण दोर कळता.”

आज सकाळी विकीशेट गाडी घेऊन दारात. शिवानं त्याला चहा दिला, मोदक दिला आणि सांगितलं, “शेट, जागा इकूची नाय. दोर दोघांचो.” विकीशेट म्हणाला, पडद्याचा खर्च केला, जनरेटरचा केला. शिवा म्हणाला, “तुमी पडदो लावलात म्हणानच माका दिसला. देव तुमचा बरा करो.” बॅनर गोदूआत्यानं उतरवून आणला. त्याच्यावर आता सुकट वाळत घातलीय, तुमच्या तोंडावर जरा जास्तच आहे.

या आता. तोंड लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. सगळ्यांनी पाहिलंय.

सुगंधा


भाऊचा धक्का
९ सप्टेंबर २००६

सुगंधा,

त्या रात्री मी कार्यक्रम पाहिला नाही, होडीत जाऊन झोपलो होतो. तुझं पत्र मीच वाचत होतो, पण मध्ये अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा उरलेलं बाबूनं वाचून दाखवलं.

मला वाटलं होतं त्या शब्दानं सगळं गेलं. शिवाला सांग, मी खरंच वाट बघत होतो. आणि सांग, त्याचे हत्ती मेले त्याचं मला फार वाईट वाटतंय.

शेटचं एक जाळं अर्धं शिवायचं राहिलंय. तेवढं संपवून निघतो. अर्धं टाकून येणं बरं नव्हे. तोवर माझ्यासाठी थांबू नका, दर्या शांत झाला की रापण घालून टाका.

बाबली


तारकर्ली
१३ सप्टेंबर २००६

दादा,

तुझा पत्र वयनीन वाचून दाखवल्यान. माझ्या हत्तींचा वाईट वाटून घेव नको, ते कॉम्प्युटरातले होते.

बांगडो किनाऱ्याक लागलो आसा. अख्खी वाडी होडयेकडे उभी आसा, ‘शिवा, घाल रापण’ म्हणता. मी सांगलंय, दादा येयसर होडी हलवूची नाय. मधी उभो रवान ‘दोर जुळवा’ म्हणूक माणूस नको? थय काचेच्या खोलयेत माका तुझो आवाज ऐकाक येय नाय होतो. हय ऐकाक येता. बेगीन ये.

शिवा

ता. क. कार्डाच्या कडेला मी लिहितेय, सुगंधा. हासुद्धा तसलाच! पुढ्यात बांगडा उड्या मारतोय आणि अख्खी वाडी दोर हातात धरून याच्या दादाची वाट बघतेय. शेटचं जाळं शेटच्या डोक्यावर घाला आणि मिळेल त्या गाडीनं या. बांगडा गेला तर दोघांनाही जेवायला घालणार नाही.